पौष ते आषाढ : पहिल्या अल्बमच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, सांगली

आज ठरलं. आमच्या रॉक बँडची आठ गाणी, आणि सगळी इथंच रेकॉर्ड करायची. ड्रमर, गिटारवाला, गायिका आणि मी, चौघांचंही एकमत. मी बेस वाजवते आणि रेकॉर्डिंगची बाजूही माझ्याकडेच आहे. बाबांचा लग्नाला, वरातीला, गणपतीला साउंड द्यायचा धंदा, त्यामुळे केबली गुंडाळणं आणि माइक लावणं हे शाळेत असल्यापासून हातात बसलंय.

बाहेर का जायचं नाही ते लिहून ठेवते, म्हणजे मध्येच कुणाचं मन डळमळलं तर हे पान समोर धरता येईल. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओत आम्ही दोन गाणी करून आलो. परत आलेल्या फायलींत आमच्या ड्रमरचा स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला मुख्य ड्रम, नव्हताच, त्या जागी तयार सॅम्पल, म्हणजे आधीच टिपून ठेवलेला आवाज, चिकटवलेला. गायिकेच्या आवाजाला ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर, लावलेलं. मिरजेत बारा वर्षं गाणं शिकलेल्या मुलीची मींड जिन्यावरून उतरल्यासारखी टप्प्याटप्प्यानं येत होती. ती हेडफोन काढून गप्प बसून राहिली, तो चेहरा मी विसरलेले नाही. ती गाणी आम्ही कुणालाच ऐकवली नाहीत.

पैसे चौघांचे मिळून चाळीस हजार. कमी आहेत, पण या संगीतात कमी पैशांची लाज बाळगायचं कारण नाही. निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच', १९८९ चा, सिअ‍ॅटलच्या एका छोट्या स्टुडिओत आठ ट्रॅकच्या यंत्रावर साधारण सहाशे डॉलरांत झाला होता. कॉलेजात असताना तो ऐकूनच आम्ही चौघं एकत्र आलो.

तारखांचं गणित असं. सध्या पौष आहे, २९ तारखेच्या अमावास्येपर्यंत लग्नं नाहीत, म्हणून बाबांचं सगळं सामान घरात पडून आहे. माघ लागला की एक स्टँडसुद्धा मिळायचा नाही. मार्केट यार्डातलं ड्रमरच्या काकांचं हळदीचं गोदामही आत्ताच रिकामं आहे. काका म्हणाले, "काय वाजवायचं ते एकदाच वाजवून घ्या बाबांनो. नवा माल याय लागला की माझ्याकडं बघू नका." म्हणजे ड्रम आधी, आणि याच महिन्यात.

११ जानेवारी

गोदाम साठ फूट लांब, बावीस फूट रुंद. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. टाळी वाजवली की ती समोरच्या भिंतीवरून परत येते, तो भाग छान आहे. पण बाजूच्या दोन भिंतींमध्ये आवाज अडकून किणकिणत राहतो, तो कानाला टोचतो. काकांकडे रिकाम्या बारदानाच्या गठ्ठ्यांची थप्पी होती. हमालमामांनी अर्ध्या तासात ती एका बाजूच्या भिंतीला छातीपर्यंत रचून दिली आणि किणकिणाट गेला. लांबीतला प्रतिध्वनी मी तसाच राहू दिला.

माइक पाच. एक किकला (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), एक स्नेअरला, दोन वर, आणि एक लांब दाराशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. वरचे दोन स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. आवाजाला एक फूट कापायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. अंतर कमीजास्त झालं तर तोच ठोका दोन माइकांत पुढेमागे पोचतो, आणि दोन्ही एकत्र केल्यावर त्याचं पोट जातं, नुसतं टरफल उरतं. पोती शिवायची सुतळी घेतली, चाळीस इंचांवर गाठ मारली, ड्रमरनं एक टोक स्नेअरवर अंगठ्यानं दाबून धरलं आणि मी गाठ माइकच्या तोंडाशी टेकेपर्यंत स्टँड हलवत गेले. एकदा उजवा, एकदा डावा. चार-पाच खेपा झाल्या. एवढ्या वेळात झांजांवर हळदीची पिवळी धूळ बसली, फडक्यानं पुसली तरी कडेला राहिलीच.

लांबच्या माइकची कल्पना अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनींच्या कामातून घेतलेली. ते स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घेत नसत, 'रेकॉर्ड केलं' एवढंच श्रेय पुरेसं मानत. वाद्य आणि ते ज्या खोलीत वाजतंय ती खोली, दोन्ही ऐकू यायला हवं हे मला त्यांच्या रेकॉर्डिंगांतून कळलं.

१२ जानेवारी

सकाळी आठला सुरुवात. पहिली दोन गाणी साडेदहापर्यंत झाली. तिसऱ्याला अडलं. हे गाणं आम्ही नेहमी १३६ च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १३६ मात्रा, वाजवतो. कानात लय मोजणारा क्लिक असूनही ड्रमर पुढे सरकत होता. चारदा घेतलं, चारही वेळा तेच. तो स्वतःवरच चिडला, काठ्या खाली ठेवून बाहेर जाऊन बसला.

तो बाहेर असताना मी त्याच्या जागेवर उभी राहून एक टाळी रेकॉर्ड केली आणि लॅपटॉपवर मोजली. टाळी आणि तिचा प्रतिध्वनी यांत १०७ मिलिसेकंद. बरोबरच आहे, जाऊन-येऊन एकशेवीस फूट. मग लयीचं गणित केलं. १३६ ला एका मात्रेचा चौथा हिस्सा ११० मिलिसेकंदांचा होतो, १४० ला १०७ चा. तो चुकत नव्हता, भिंतीबरोबर वाजवत होता. त्याला आत बोलावून दाखवलं. क्लिक १४० वर नेला. पहिल्याच खेपेला गाणं बसलं, आणि दाराशी ठेवलेल्या माइकमध्ये प्रतिध्वनी असा येतोय की दुसरा कुणीतरी हळू हातानं मधल्या जागा भरतोय. गायिकेला आता शब्द थोडे भरभर म्हणावे लागतील. ती म्हणाली, "म्हणेन की."

संध्याकाळी सातनंतर काम बंद. ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर रस्त्यानं सुरू झाले, प्रत्येकावर मोठे स्पीकर. पाचव्या गाण्याच्या शेवटी एक ट्रॅक्टर सिनेमातलं गाणं वाजवत गेला आणि ते स्पष्ट टिपलं गेलंय. गिटारवाल्याला ते फार आवडलं, म्हणाला ठेवूया, हंगामातली सांगली अशीच तर असते. मलाही आवडलं. पण ते दुसऱ्याचं गाणं आहे, आपल्या अल्बमात परवानगीशिवाय ठेवता येणार नाही. शेवट पुन्हा घ्यायचा.

१९ जानेवारी

उरलेली सगळी गाणी झाली. ट्रॅक्टर टाळायला पहाटे साडेपाचला सुरू केलं. ड्रमरच्या उजव्या तर्जनीला फोड आलाय, आठवं गाणं त्यानं पट्टी बांधून वाजवलं. बारदान जागच्या जागी परत लावून दिलं, फरशी झाडून घेतली. काकांनी हिशेब विचारला नाही, उलट चहा पाजला.

२ फेब्रुवारी

गिटार आमच्या घरी, गावभागात, माळ्यावर. अ‍ॅम्प चालू केला की खरखर आणि गुणगुण दोन्ही. बाबा वर आले, दोन मिनिटं कान देऊन उभे राहिले आणि खाली परसात गेले. "अर्थिंगचा खड्डा वाळून गेलाय," म्हणाले. दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं. खरखर गेली.

गुणगुण राहिली. ती वायरिंगमधल्या ५० हर्ट्झच्या विजेची, गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज उचलणारी तारेची गुंडाळी) ती पकडणारच. गिटारवाल्याचं म्हणणं, एवढ्या आवाजात कोण ऐकतंय. रात्रीचे अकरा वाजले होते, मीही हो म्हटलं. तीन गाण्यांच्या गिटारी झाल्या.

९ फेब्रुवारी, मिरज

हा दिवस सविस्तर लिहिते.

चौथ्या आणि सातव्या गाण्यात तंबोरा हवा असं गायिका पहिल्यापासून म्हणत होती. मोबाइलमधला चालेल का, असं गिटारवाल्यानं विचारलं होतं, तिनं नुसतं बघितलं. आज ती आम्हाला सतारमेकर गल्लीत तिच्या ओळखीच्या चाचांकडे घेऊन गेली. मिरजेत हे काम १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांपासून सुरू झालं. ते शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्यांतले. तलवारीची गरज सरत चालली आणि तेच हात तारांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात त्याचं काही प्रदर्शन नाही. भिंतीला टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, सरसाचा वास.

चाचांनी जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावून दाखवली. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार हलताना त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते. त्यांनी पांढऱ्या सुताचा एक तुकडा जिभेवर ओला केला, तार उचलून खाली सरकवला आणि नखानं ढकलू लागले. डोळे मिटलेले. आधी तार 'टण्' करून थांबत होती. धागा केसभर पुढे गेला आणि तीच तार उलगडायला लागली. आधी सा, त्यातून वरचा सा, त्यातून पंचम, आणि मग कुणीही न छेडलेला गंधार, एकदम स्वच्छ. अजून केसभर पुढे गेल्यावर सगळं विस्कटलं. चाचा परत मागे आले. "खुली ठेवू का बंद?" त्यांनी गायिकेला विचारलं. ती म्हणाली, "खुली ठेवा चाचा, गिटार मोठ्यानं वाजती."

मग त्यांनी आमची गिटार ऐकायला मागितली. मी लॅपटॉपवर चौथं गाणं लावलं. मला मनातून वाटत होतं की त्यांना नातं ओळखू येईल. डिस्टॉर्शनमध्येही तेच घडतं: अ‍ॅम्प लहरीचे माथे कापतो, आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्या कापण्यातून जन्माला येतात. चाचांनी पूर्ण गाणं ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाले, "ह्यात नुसती जवारीच हाय बाळ. तार कुठाय?"

परतताना लोकलमध्ये कुणी फार बोललं नाही. तंबोरा गायिकेच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला.

१६ फेब्रुवारी

चाचांचा प्रश्न सोडवायच्या आधी सूर जुळवायचा प्रश्न आहे. गायिकेचा सा काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. गिटार आम्ही नेहमीच्या पट्टीत लावतो, त्यात हा सा एकाही मोकळ्या तारेवर येत नाही. सगळ्या तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या. हे रॉकमध्ये नेहमीचंच आहे. पण उतरवल्यावर पाचवी तार थेट तिच्या खर्जावर, म्हणजे खालच्या सा वर, आली, १०३.८ हर्ट्झ. सहावी तार पंचम, चौथी मध्यम, तिसरी कोमल निषाद, दुसरी रिषभ, पहिली परत पंचम. सहा मोकळ्या तारांत तिचे स्वर हजर. गिटारवाला बराच वेळ नुसत्या मोकळ्या ताराच छेडत बसला.

मग भांडण निघालं ते गंधाराचं. तंबोऱ्याच्या खर्जातून निघणारा गंधार हा खर्जाच्या बरोब्बर पाचपट, ५१९ हर्ट्झ. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले, तिथला तोच गंधार ५२३ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे. साध्या आवाजात तेवढं खटकत नाही, पण डिस्टॉर्शन चढवलं की चौथ्या गाण्याचा शेवट आजारी वाटतो. पंचमाचं तसं नाही, तिथं फरक नगण्य. रॉकमधल्या पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतोच, असतो नुसता सा आणि पंचम. म्हणजे तंबोऱ्याचंच जोडकाम. चौथ्या आणि सातव्या गाण्यातून गिटारचा गंधार काढायचा ठरला. गंधार तंबोरा देईल आणि गायिका देईल, गिटार त्या वाटेला जाणार नाही.

आणि २ तारखेची गुणगुण आज अंगावर आली. विजेची गुणगुण ५० बरोबरच १०० हर्ट्झवरही असते. खर्ज १०३.८. दोन्ही एकत्र ऐकले की खर्ज थरथरतो, जणू तंबोराच बेसूर लागलाय. त्या रात्री मी कंटाळा केला नसता तर हे तेव्हाच लक्षात आलं असतं. तीन गाण्यांच्या गिटारी परत घ्यायच्या. गिटार हातात धरून खोलीत गोल फिरलं की एका कोनावर गुणगुण जवळपास नाहीशी होते. आमच्या माळ्यावर तो कोन सापडला: तोंड नदीकडे, पाठ जिन्याकडे. फरशीवर खडूनं खूण केली.

१ मार्च

नव्यानं गिटारी. गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती चढवायचं ते, सातावरून साडेतीनवर आणला. गिटारवाल्याला हे जड गेलं, ते मला मान्य आहे. गेन जास्त असला की बोटाची चूक झाकली जाते आणि सूर आपोआप लांबतो. कमी केल्यावर प्रत्येक टोला उघडा पडतो. सातवं गाणं त्यानं एकोणीस वेळा वाजवलं. मोठेपणा कुठून आणायचा, तर एकच भाग दोनदा वेगवेगळा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या स्पीकरला दिला. त्यातून येणारी रुंदी गेनमधून कधीच आली नसती. आता पिक तारेला भिडताना ऐकू येते, मग तार, मग तिची जवारी. या क्रमानं.

३० मार्च

पाडवा. काम नाही. बाबांना सकाळपासून तीन ठिकाणी साउंड द्यायचा होता, मी आणि ड्रमर त्यांच्याबरोबर गेलो. उसन्या माइकांची परतफेड.

१३ एप्रिल, हरिपूर

गायिकेच्या आवाजाला चौथ्या आणि आठव्या गाण्यात प्रतिध्वनी देणारी जागा हवी आहे. सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या कुठल्या देशांतल्या चर्चचे प्रतिध्वनी तयार मिळतात. लावून बघितले. सुंदर आहेत, पण "गावभागात पाणी चढलं" ही ओळ चर्चमध्ये उभी राहून म्हटल्यासारखी येते, ते मला सहन होईना.

हे काम पूर्वी खऱ्या जागांनीच केलं जायचं. १९४७ साली बिल पटनम यांनी शिकागोत स्टुडिओशेजारच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून प्रतिध्वनी मिळवला होता. हॉलिवूडमध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या गोल इमारतीच्या आवारात त्यासाठी मुद्दाम जमिनीत खोल्या बांधल्या गेल्या. जमिनीतली खोली म्हटल्यावर सांगलीच्या माणसाला दुसरं काय आठवणार? पेव.

हरिपूरला ड्रमरच्या काकांच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, त्यांच्या मळ्यात जुनं पेव आहे. अरुंद तोंड, आत उतरत उतरत फुगत गेलेलं, अगदी भोपळ्यासारखं. हळद आत भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत हवा उरत नाही म्हणून कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात हरिपूरची पेवं पाण्याखाली गेली. आजोबांचंही गेलं. "उघडलं तवा नुसता चिखल," एवढंच ते म्हणाले आणि विषय बदलला. नंतर त्यांनी ते साफ करून घेतलं, पण पुन्हा भरलं नाही.

मी आत उतरून टाळी वाजवून बघू का, असं विचारलं. आजोबांचा आवाज चढला. "पेवात उतरायचं न्हाई पोरी. माणसं गेल्याती." त्यांनी झाकण बाजूला केलं, दोरीला कंदील बांधला आणि सोडला. दहा फूट, बारा फूट, जळत होता. पंधराच्या आसपास विझला, फडफड न करता. कुणी काही बोललं नाही. मी वहीत लिहिलं: माणूस नाही, फक्त दोरी.

२० एप्रिल, हरिपूर

बाबांचा एक छोटा मॉनिटर स्पीकर, एक एसएम५७ हा दणकट माइक. आतल्या ओलीत नाजूक कंडेन्सर माइक न्यायची हिंमत नव्हती, एसएम५७ ला काही होत नाही. दोन सुताच्या दोऱ्या, वर आडव्या वाश्याला बांधलेल्या. दोरीनं तळ मोजला, बावीस फूट. स्पीकर अठरा फुटांवर, तोंड भिंतीकडे, माइक नऊ फुटांवर, तोंड वर. स्पीकरचा थेट आवाज माइकला मिळू नये म्हणून.

लॅपटॉपवरून चौथ्या गाण्याचा कच्चा आवाज खाली सोडला आणि माइकमधून वर आलेला ऐकला. मातीची भिंत वरचे टोकदार स्वर गिळते, खालचे धरून ठेवते. 'स' आणि 'श' नाहीसे होतात, स्वर मात्र अडीच सेकंद घुमत राहतो. त्यात किणकिण अजिबात नाही. गायिकेनं हेडफोन कानावर दाबून धरले आणि म्हणाली, "हे अंधारात गायल्यासारखं आहे." आजोबांनाही ऐकवलं. त्यांनी एकाच कानाला लावून ऐकलं, दुसरा कान पेवाकडे.

वर ओढून काढल्यावर दोऱ्यांना हळदीचा वास. वीस वर्षांनंतरही.

४ मे

गाणं गाऊन घेण्याचं काम सुरू आहे, त्यातली सहा झाली. आज चौथं, पुराचं.

हे शब्द माझे आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही याच घरात होतो. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना विचारतात ते 'किती झालं?' चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. गाणं त्या आकड्यांवरच चालतं:

चाळीसला आईनं भांडी वर काढली,
पंचेचाळीसला बाबांनी मेन स्विच ओढला,
पन्नासला शेजारची काकू आमच्या गच्चीवर होती,
पुढचे आकडे मोबाइल संपल्यावर कुणी सांगितले नाहीत.

सुरुवातीला ड्रमर काठ्यांवर चार मोजतो त्या जागी आकडे हवेत, एवढं ठरलेलं. गायिकेनं म्हणून बघितले, पण ती सुरातच म्हणायची, आणि ते गाणं होऊन बसायचं. माझ्या आवाजात रडवेलं येत होतं. शेवटी मी बाबांना माइकसमोर उभं केलं. ते तीस वर्षं माइकवर "हॅलो, चेक, वन टू" म्हणत आलेत, पण रेकॉर्डिंग म्हटल्यावर घसा खाकरायला लागले. मी म्हटलं, "बाबा, तेव्हा जिन्यात उभं राहून वर आम्हाला सांगत होता ना, तसं सांगा." ते थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले: चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. आवाजात चढउतार नाही, दोन आकड्यांमधलं अंतर मात्र कमी कमी होत गेलेलं. त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं. पाणी तसंच चढलं होतं.

ड्रम आता क्लिकवर नाहीत, बाबांच्या पंचेचाळीसवर सुरू होतात. त्यासाठी सुरुवातीचा ठोका १८० मिलिसेकंद मागे सरकवला.

२२ मे

या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागून राहिलाय. माळ्यावर पत्रा, दुपारी काही ऐकू येत नाही. मिक्सिंग रात्री हेडफोनवर, आणि सकाळी बाबांच्या लग्नाच्या टॉप स्पीकरवर तपासणी. हेडफोनवर पेवाचा आवाज हवाहवासा वाटून मी जास्त घालते, टॉपवर लावलं की शब्द बुडालेले. दोन दिवसांत चारदा कमी केला. आता तो फक्त ओळींच्या शेवटी येतो.

दाराशी ठेवलेल्या माइकचा ट्रॅक तिसऱ्या गाण्यात मी सगळ्यात वर ठेवलाय. त्या गाण्यात ड्रमला दुसरा काहीही प्रतिध्वनी लावलेला नाही.

१५ जून

मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यांवरचा शेवटचा हात, बाहेर दिलं होतं, ते काम मला येत नाही आणि त्यासाठी वेगळे कान लागतात. पहिली फेरी परत आली ती उणे ८ लफ्सची (लफ्स हे आवाजाच्या जोराचं माप), म्हणजे हा अल्बम इतर कुठल्याही गाण्याइतका जोरात वाजावा म्हणून दाबून बसवलेला. बाबांचे आकडे आणि त्यानंतरचा ड्रमचा पहिला ठोका, दोन्ही सारख्याच आवाजात. तंबोरा चिरडून गेलेला, नुसती सळसळ. स्ट्रीमिंगवर तसंही सगळं एका पातळीला आणलं जातं, स्पॉटिफायवर उणे १४ ला. आपण जास्त जोरात दिलं तर ते खाली ओढतात, आणि दाबून गेलेलं परत येत नाही. मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. दुसरी फेरी उणे ११.५ ला आली. ठोका आता ठोक्यासारखा आहे.

अल्बमचं नाव पेव. यावर चर्चा झालीच नाही.

२९ जून, मिरज

शुक्रवारी अपलोड करायचं, सगळं तयार: आठही गाण्यांचे कोड, मुखपृष्ठ, श्रेयनामावली. त्याआधी तंबोरा परत द्यायला म्हणून आज मी आणि गायिका मिरजेला गेलो. तारा उतरवून, चादरीत, जसा आणला तसा.

चाचांनी आधी तंबोरा तपासला, घोडीवरून अंगठा फिरवला. मग गाणं मागितलं. चौथं लावलं, माझे हेडफोन त्यांच्या कानावर. या वेळीही त्यांनी मध्ये थांबवलं नाही. गिटार सुरू झाली तेव्हा एकदा मान हलवली. शेवटचा अर्धा मिनिट नुसता तंबोरा आहे, तिथं त्यांचा हात उचलला गेला आणि तसाच वर राहिला. हेडफोन काढून म्हणाले, "गाणं चांगलं झालंय. जोडीतली एक तार शेवटी उतरलीया."

मला ऐकू आलं नव्हतं. गायिकेला पण नाही, आणि ती मटकन खालीच बसली. घरी येऊन मोजलं. जोडीतली, म्हणजे सा ला लावलेल्या मधल्या दोन तारांतली, दुसरी तार गाण्याच्या शेवटी चार सेंट खाली आहे. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चार. दोन्ही तारा मिळून दर दोन सेकंदांना एक हेलकावा. एकदा कळल्यावर आता त्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. सॉफ्टवेअरनं सूर वर उचलावा तर चारही तारा एकदम उचलल्या जातात, एक सुटी करता येत नाही. सातव्या गाण्यातही तेच निघालं, थोडं कमी.

अपलोड थांबवलं. तिघांनाही फोन केले, कुणी हुज्जत घातली नाही. मास्टरिंगचे जादा पैसे गिटारवाला घालणार आहे. चाचांनाही फोन केला. ते म्हणाले, "इथं दुकानातच वाजवा, उतरली की मी लावून देतो. पण रविवारी मोहरम." त्याच दिवशी आषाढी, आमच्या घरीही कुणी रिकामं नाही. म्हणून सोमवारी, ७ जुलै, सकाळी सातला, गल्लीत वर्दळ सुरू व्हायच्या आत. दोन माइक, लॅपटॉप, छोटा इंटरफेस, आणि पंखा बंद ठेवायचा आहे हे चाचांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.